आधी शिकवा, मग शिक्षा करा!

मुंबई शहर घरच्यापेक्षा परक्याच्या हातचेच अधिक खाते, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरेल. परंतु ती फार मोठी अतिशयोक्ती ठरणार नाही. यझ्द आणि केरमान सोडून आलेल्या इराण्याने ह्या शहराला बन-मस्का आणि कडक चहा दिला. धोबीतलावावरचे कयानी १९०४ सालचे आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या पोरांनी माटुंग्यापासून फोर्टापर्यंत इडली-डोशाची राज्ये उभारली. फाळणीने उठवलेला सिंधी आणि पंजाबी आला, तो आपले छोले आणि तंदूर घेऊनच आला. आणि आज रात्री नऊच्या सुमारास कोणत्याही उपनगरी स्टेशनाबाहेर जी कढई धडधडत असते, तिच्यामागे उभा असलेला मुलगा नेपाळचा, दार्जिलिंगचा, बिहारचा किंवा झारखंडचा असण्याचा संभव मोठा. गिरगावातल्या कारकुनाने आणि दादरच्या मास्तराने ह्या साऱ्यांच्या हातचे खाऊनच आपली नोकरीची वर्षे काढली. ज्याच्या हातचे आपण खातो, त्याच्याशी आपण बोलत मात्र नाही. बिल मागतो, पाणी मागतो आणि उठतो.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, ह्या भटारखान्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न निघाला म्हणजे शहरात दोनच आवाज ऐकू येतात. एक आवाज म्हणतो, हे बाहेरचे लोक मुळातच घाणेरडे. ह्यांच्या गाड्या उचला, ह्यांचे गाळे बंद करा. दुसरा म्हणतो, गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणता? चालू द्या. पहिल्या आवाजात द्वेष आहे आणि दुसऱ्यात दया आहे. परंतु त्या ठिकाणी ताटावर बसलेल्या माणसाला दोहोंचाही काडीइतका उपयोग नाही. गाड्या उचलल्याने त्या दुसऱ्या गल्लीत उभ्या राहतात आणि दया दाखविल्याने बादलीतले पाणी शुद्ध होत नाही.

प्रश्न केवळ पोट बिघडण्याचा आहे, असेही कोणी समजू नये. मे २०२४ मध्ये मानखुर्द भागात रस्त्याकडेच्या दुकानातील चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा एक तरुण दगावला आणि दोघा विक्रेत्यांना अटक झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, मे २०२२ मध्ये, केरळात कासरगोड जिल्ह्यात एक शाळकरी मुलगी अशाच शोरम्याने गेली. विक्रेता कोणत्या प्रांताचा होता, ही चौकशी अशा वेळी निरर्थक होय. रोगजंतू रहिवासाचा दाखला पाहत नाहीत. पाहण्यासारखे एवढेच असते की, त्या मांसाच्या जुडीत आतपर्यंत आच पोहोचली होती की नाही, ते किती तास तसेच लटकत होते, आणि ते कापणाऱ्या माणसाला ह्या दोन गोष्टींचे महत्त्व आयुष्यात कधी कोणी सांगितले होते काय?

कायदा नाही, असे नव्हे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता; त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि तो ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्ष अंमलात आला. जुन्या कायद्याची नजर दुधातल्या पाण्यावर आणि तिखटातल्या विटेच्या भुकटीवर होती. नव्याने प्रथमच स्वयंपाकघराकडे पाहिले. त्याच्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात पाणी कसे असावे, मोरी कशी असावी, कच्चे आणि शिजलेले कसे वेगळे ठेवावे, आचाऱ्याचे हात, नखे आणि जखमा ह्यांचे काय करावे, हे सारे आले आहे. अस्वच्छ जागी अन्न तयार करणाऱ्यास कलम ५६ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु त्याच कायद्यात कलम ३२ सुद्धा आहे, आणि आमच्या मते साऱ्या कायद्यातील शहाणपण त्या एका कलमात साठले आहे. त्यात ‘सुधारणा नोटीस’ देण्याची व्यवस्था आहे. काय चुकले, का चुकले आणि ते कसे दुरुस्त करावे हे अधिकाऱ्याने लेखी सांगावे, त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही सुधारणा झाली नाही तरच परवान्याला हात घालावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कायदे करणाऱ्यांनी निरीक्षकाला आधी मास्तर केले आणि नंतर फौजदार. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणे. मराठीत येईपर्यंत तिचा अर्थ दंड झाला. आमच्या सरकारी खात्यांनी हा शब्द मराठीतच वाचला, असे दिसते.

नोटीस कितीही चांगली असली, तरी ती वाचता आली पाहिजे. नियमांचा राजपत्रातील पाठ इंग्रजी आणि हिंदी. अर्ज संगणकावर भरावयाचा. तो भरून देणारा एजंट कोपऱ्यावर बसलेला असतो. तो पैसे घेतो, कागद देतो आणि तो कागद काचेच्या चौकटीत घालून गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगला जातो. त्याला उदबत्तीही ओवाळली जात असावी. त्या कागदाचा कढईशी काही संबंध आहे, हे कढईजवळ उभ्या असलेल्या माणसाला ठाऊकच नसते. २०१७ पासून केंद्रीय प्राधिकरणाने प्रशिक्षणाची योजना काढली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु तिचा हिशेब असा की, २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. मोठ्या हॉटेलाला हे ठीक आहे. जेथे मिळून पाचच माणसे काम करतात आणि त्यांतली दोन दर चार महिन्यांनी गावाला जाऊन तिसऱ्याच कोणाला धाडतात, तेथे तो पर्यवेक्षक म्हणजे गल्ल्यावर बसलेला मालक. चाकू दुसऱ्याच्याच हातात असतो.

शिकविणे म्हणजे काय, हे एका साध्या भाताच्या उदाहरणाने सांगतो. मुंबईत ज्याला ‘चायनीज’ म्हणतात आणि जे चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, त्या गाडीवर आणि छोट्या हॉटेलात दुपारीच भात उकडून ठेवतात. ताजा भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो. शेजवान राईसला दाणा सुटा आणि कोरडा हवा. म्हणून तो निवू देतात. मोठ्या पातेल्यात, वर फडके टाकून, दुपारच्या दोनपासून रात्रीच्या अकरापर्यंत. आता तांदळात मुळातच एका जातीच्या जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरियस हे त्याचे नाव. ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. पातेल्याच्या मधोमध जी कोमट ऊब तासन् तास टिकते, तीत ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. पुढे कढईत कितीही जाळ केला तरी ते विष जळत नाही. खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि तो दोष देतो चिकनला! हा शोध आपल्याकडचा नव्हे. १९७१ पासून पुढील काही वर्षांत लंडनमधील चिनी उपाहारगृहांत खाल्लेल्या माणसांना अशाच उलट्या होऊ लागल्या, तेव्हा त्याचा छडा लागला. तेथील आचारीही परदेशातून आलेले होते, आणि शीतकपाटात भात चिकटतो म्हणून ते तो बाहेरच ठेवीत.

आता ह्या आचाऱ्यापुढे निरीक्षक येऊन उभा राहतो. शिजलेले अन्न एक तर साठ अंशांच्या वर ठेवा, नाही तर पाच अंशांच्या खाली, नियम आहे. आचाऱ्याला त्यात एवढेच ऐकू येते की, हा माणूस माझा धंदा बुडवायला आला आहे. साठ अंशांवर भाताचा चिखल होतो आणि पातेले कपाटात मावत नाही. तो मान हलवतो, शंभराच्या नोटा काढतो, आणि पातेले जेथल्या तेथे राहते. परंतु त्याला त्याच्या भाषेत, त्याच्याच पातेल्याजवळ उभे राहून, कोणी असे सांगितले की, भात निथळल्याबरोबर चार पसरट परातींत दोन बोटे जाडीने पसर, पंख्याखाली धर, आणि तासाभरात निवला की झाकून शीतकपाटात टाक. असे केल्याने दाणा अधिक सुटा राहील आणि गिऱ्हाईकही आजारी पडणार नाही. तर हा नियम त्याला शत्रू वाटण्याचे कारण उरत नाही. त्यासाठी लागणार फक्त चार पराती. शास्त्र आणि चव येथे एकाच बाजूला आहेत. ती दोन्ही एका बाजूला आणून उभी करणे हेच निरीक्षकाचे काम, आणि ते दंडाच्या पावतीपुस्तकाने होणारे नाही.

तांबड्या रंगाचेही तसेच. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. आमच्या गाड्यांवर तो पुडीतला रंग चिमटीने पडतो, कारण गिऱ्हाइकाला लालभडक हवे असते. येथे आचाऱ्याइतकेच आपणही शिकायला बसले पाहिजे.

ब्रिटनने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. तेथील ‘इंडियन’ म्हणविणारी बहुसंख्य उपाहारगृहे मुळात सिल्हेटहून आलेल्या बंगाली मुसलमानांची. २००६ पासून तेथे प्रत्येक उपाहारगृहाला आपली अन्नसुरक्षेची पद्धत लिहून ठेवणे बंधनकारक झाले. छोट्या माणसाला हे जमणार नाही, हे तेथील अन्न मानक संस्थेने ओळखले आणि त्यांच्यासाठी सोप्या, चित्रमय पुस्तिका काढल्या. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकी पाकपद्धतींसाठी वेगळी, चिनी पाकपद्धतीसाठी वेगळी, आणि ती चिनी भाषेतही. सोबत एक रोजनिशी. रोज पानेच्या पाने भरावयाची नाहीत. सही करावयाची, आणि काही बिघडले असेल तेवढेच लिहावयाचे. शीतकपाट बंद पडले, मासळी परत पाठविली, एवढेच. लंडनच्या हौन्स्लो भागात २०१० साली दोघा मुंबईकरांनी वडापावचे दुकान काढले. आपली मुले तेथे परकी आहेत, आणि परक्याला हाताशी धरून नियम सांगणारी ही व्यवस्था त्यांच्याही कामाची आहे. जे आपल्या मुलांसाठी परदेशी असावेसे वाटते, ते आपल्या गल्लीत दुसऱ्याच्या मुलांसाठी का असू नये?

कॅलिफोर्नियाची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. चिनी पद्धतीने भाजलेले बदक दुकानाच्या काचेमागे टांगून ठेवतात. तपमानाच्या नियमात ते बसेना. निरीक्षक बदके फेकून देऊ लागले. तेव्हा १९८२ साली तेथील विधिमंडळाने ह्या बदकासाठी वेगळी तरतूद केली. पुढे २००१ साली कोरियन लोकांच्या तांदळाच्या वड्यांसाठीही तसेच झाले. शीतकपाटाबाहेर ठेवा, पण केव्हा केल्या ते लिहा आणि एका दिवसात संपवा. ह्याला सवलत म्हणत नाहीत, ह्याला समजून घेणे म्हणतात. आपल्या आंबवलेल्या डोशाच्या पिठात आंबटपणाच बऱ्याच जंतूंना आवर घालतो. उलट त्याच उडुप्याच्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीला असे कोणतेही संरक्षण नसते आणि ती उन्हाळ्यात तासा-दोन तासांत नासू लागते. दोघांना एकच नियम लावणारा अधिकारी पिठावर वेळ घालवील आणि चटणी विसरेल.

आता भाषेचा मुद्दा. आमचे काही वाचक येथे कपाळाला आठ्या घालतील, हे आम्हांस ठाऊक आहे. मुंबईत धंदा करतो तर त्याने मराठी शिकावे. त्याच्या भाषेत आम्ही का बोलावे? त्याने मराठी शिकलेच पाहिजे, ह्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. केरळच्या साक्षरता मिशनने २०१७ पासून बाहेरून आलेल्या कामगारांना मल्याळम शिकविण्याचे वर्ग काढले. महाराष्ट्राने तसे करण्यास कोणाचीही हरकत नसावी. परंतु तो मराठी शिकेपर्यंत गिऱ्हाइकाचे जुलाब थांबून राहत नाहीत. आज रात्री जो कच्चे चिकन कापून त्याच सुरीने कोबी चिरणार आहे, त्याला आज दुपारीच सांगितले पाहिजे, आणि त्याला समजेल असे सांगितले पाहिजे. त्यात मराठीचा अपमान नाही. तो उपकारही नव्हे. तो आपल्याच पोटाचा स्वार्थ आहे.

आणि हे अशक्य आहे, असे निदान मुंबई महापालिकेने तरी म्हणू नये. जी महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालविते, तिला आठ भाषांत हात धुवायला शिकविता येत नाही काय? शिक्षक तिचेच, आरोग्य खातेही तिचेच. पटसंख्या घटल्याने रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्याही तिच्याच. ह्याच शहरात एके काळी उडुपी हॉटेलांत दिवसभर कपबशा विसळणारी पोरे रात्री कन्नड रात्रशाळेत बसत; त्यांतलीच काही पुढे हॉटेलांची मालक झाली. त्यांना ह्या शहराने दयेने नव्हे, फळ्यावर लिहून वर आणले. हॉटेलांचे भटारखाने दुपारी चार ते सहा ह्या वेळात थंड असतात. ह्याच दोन तासांत आठवड्यातून एकदा वर्ग भरविणे, त्याला नेपाळी आणि बंगाली बोलणाऱ्यांचीही जोड देणे, आणि पुस्तकी व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष परात, फडके आणि सुरी समोर ठेवून शिकविणे, ह्याला कितीसा खर्च येणार?

मात्र पाण्याविषयी महापालिकेला काही कठोर विचारले पाहिजे. शुद्ध पाणी वापरा, हा पहिला नियम; आणि जेथे नळच नाही त्या गाळ्यात आणि गाडीवर पाणी पिंपातून विकत येते. कचरा झाकून ठेवा, हा दुसरा. आणि रात्री एक वाजता हॉटेल बंद होताना कचऱ्याची गाडी कोठेच नसते. मोरीतले तेल नळीत जाऊ देऊ नका. मग ते कोठे टाकावे? २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देण्याचे मान्य केले. त्या संरक्षणात एक सार्वजनिक नळ आणि एक मोरी बसावयास काय हरकत होती? अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी २०१८ साली खाद्यविक्रेत्यांना एकत्र आणून, शिकवून, तपासून, स्वच्छ खाद्यकेंद्राचा पहिला दर्जा मिळवून देण्यात आला. तेथील विक्रेते जन्मतःच अधिक स्वच्छ होते, असे कोणी म्हणणार नाही.

एवढे सारे देऊन झाल्यावर मात्र दयेचा शब्द कोणी काढू नये. शिकविले, मुदत दिली, पाणी दिले, आणि तरीही जो तेच काळे तेल पाचव्या दिवशी वापरतो, ज्याच्या बर्फाखाली मासळी आणि बर्फाच्याच फोडी सरबतात आढळतात, त्याचे दुकान त्याच संध्याकाळी बंद झाले पाहिजे. तो बाहेरून आला म्हणून नव्हे, आणि गरीब आहे म्हणून सोडूनही नव्हे. हाच न्याय तारांकित हॉटेलालाही लागला पाहिजे. तपासणीचा निकाल प्रत्येक उपाहारगृहाच्या दारावर लावणे वेल्समध्ये २०१३ पासून सक्तीचे आहे. तेथे संगमरवरी दाराला त्यातून सूट नाही. आमच्याकडे छापा पडल्याची छायाचित्रे नेहमी पत्र्याच्या टपरीचीच का असतात, हे अन्न व औषध प्रशासनाने एकदा स्वतःला विचारून पाहावे.

समान न्यायाचा आग्रह आम्ही उगीच धरीत नाही. स्वच्छता हे फार सोयीचे हत्यार आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस ह्याच मुंबईत दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. ज्यांनी ते मारले त्यांनी दुसऱ्या दिवशी इडली कोठे खाल्ली, ह्याची नोंद इतिहासात नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांना मालकांची नावे फलकावर लावण्यास सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे ते सांगावे, मालकाचे आणि नोकरांचे नाव सांगण्याची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. अन्न सुरक्षेचा कायदा हा अन्नाविषयीचा कायदा आहे. तो जेव्हा आडनावाविषयीचा होऊ लागतो, तेव्हा निरीक्षकाची नजर पातेल्यावरून उठून माणसाच्या चेहऱ्यावर जाते आणि पातेले तसेच राहते.

पावसाळा हा ह्या शहराच्या पोटाचा सर्वांत वाईट काळ. गढूळ पाणी, दमट फडकी, माश्या आणि बंद पडणारी शीतकपाटे ही सारी एकदमच येतात. आठ भाषांतील आठ चित्रमय पत्रके छापावयास आणि त्या रिकाम्या वर्गखोल्यांची कुलुपे काढावयास फार दिवस लागू नयेत. पहिल्या वर्गात भाताचे पातेले ठेवावे आणि त्याच्या शेजारी चार पराती. दर्जेदार कागदावर छापलेल्या आणखी एका परिपत्रकाची वाट शहर पाहत नाही. आयुक्तांनी आरोग्य खात्याला आणि शिक्षण खात्याला एका टेबलाशी बसवून पहिल्या वर्गाची तारीख जाहीर करावी.